म्हशींच्या गोठ्याचं वर्कशॉप : भिंतीला कोणतं लाकूड लावावं, आणि त्याआधी काय बघावं

आमच्या शिवाजी पेठेतल्या घरामागं म्हशींचा गोठा होता. दहा बाय चौदाची खोली, एका बाजूला दगडी गव्हाण, खाली शहाबादी फरशी. म्हशी गेल्या तशी त्यात जळण आलं, मग मोडक्या खुर्च्या आल्या आणि नंतर दार उघडणंच बंद झालं. कोल्हापूरच्या पेठांत अशा खोल्या घरोघर आहेत. अलीकडं बरेच जण तिथं स्वतःचं छोटं वर्कशॉप थाटतात. कुणी सुतारकाम करतो, कुणी चपला शिवतो, कुणी जुन्या गाड्या उघडून बसतो. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो : भिंतीला लाकूड लावायचंय, कोणतं घेऊ?

या प्रश्नाचं उत्तर वखारीत मिळत नाही, भिंतीजवळ मिळतं. मी हे नुकसान सोसून शिकलो. पहिल्या वेळी मी सहा मिमीची कमर्शियल प्लाय आणली आणि गिलाव्यावर थेट ठोकली. दिवाळीला खोली देखणी दिसत होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर प्लायला पोट आलं. एक शीट ओढली तर मागं काळी बुरशी आणि वाळवीच्या मातीच्या नळ्या, पार आढ्यापर्यंत गेलेल्या. सहाच्या सहा शीटा जळणात गेल्या. नव्यानं काम काढणाऱ्यानं ते पैसे वाचवावेत म्हणून ज्या क्रमानं करायला हवं त्या क्रमानं सगळं लिहितो आहे.

लाकूड लावायचं कशाला, हे आधी ठरवा. बैठकीच्या खोलीत पॅनेलिंग शोभेसाठी असतं. वर्कशॉपमध्ये भिंत हेच एक हत्यार असतं. गिलाव्याच्या भिंतीत दर खिळ्याला भोक पाडा, गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी खुंटी) ठोका, स्क्रू आवळा, आणि जागा बदलली की भोक तसंच राहतं. लाकडी भिंतीवर करवत आज इथं, उद्या तिथं. पटाशी हातातून निसटून भिंतीला लागली तरी धार राहते. म्हणजे आपल्याला स्क्रू धरणारं, मार खाणारं आणि हवं तेव्हा उघडता येणारं लाकूड पाहिजे. दिसण्याचा विचार त्यानंतर.

भिंत आधी तपासा

पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरात, भिंत जेव्हा सर्वांत वाईट अवस्थेत असते तेव्हा बघा. एप्रिलमध्ये कोल्हापूरची प्रत्येक भिंत कोरडीच दिसते. जाड प्लॅस्टिकचा दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा घ्या आणि चारही कडा चिकटपट्टीनं भिंतीवर पक्क्या बंद करा. एक तुकडा जमिनीपासून फूटभर उंचीवर, दुसरा छातीच्या उंचीवर. दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला थेंब असले तर ती हवेतली आर्द्रता, म्हणजे खिडकी आणि झरोक्याचा प्रश्न. फक्त खालचा तुकडा ओला असेल तर पाणी जमिनीतून चढतं आहे. बाहेरचं गटार, खोलीच्या जोत्यापेक्षा उंच झालेला बोळ आणि फुटलेला पन्हाळ या तीन जागा बघा. निम्म्या वेळा कारण तिथंच सापडतं.

आमच्या भिंतीत मात्र वेगळंच निघालं. खालचे तीन फूट कायम दमट, आणि त्यावर कापसासारखा पांढरा खार. गटार दुरुस्त केलं, कौलं फिरवून घेतली, तरी भर मे महिन्यात ढग आले की तेवढा पट्टा गडद व्हायचा. दुसऱ्या वेळी ज्या मिस्त्रीमामांना बोलावलं, त्यांनी बोटावर तो खार घेतला, चोळला आणि विचारलं, "मालक, हितं जनावरं हुती काय?"

"हो मामा, दोन म्हशी होत्या. पण पंधरा वर्षं झाली."

"मग ही ओल पावसाची न्हवं. म्हशीची हाय. म्हशी गेल्या, मूत भिंतीतच ऱ्हायलं."

मामांनी अनुभवानं सांगितलं त्यामागं रसायन आहे. जनावरांच्या मुतातलं नत्र माती-दगडात मुरतं, जीवाणू त्याचे नायट्रेट क्षार करतात आणि हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा पूर्वी जुन्या गोठ्या-तबेल्यांच्या मातीतूनच काढत. त्यामुळं गोठ्याची भिंत पाऊस नसतानाही घाम फुटल्यासारखी ओलावते. तिच्यावर प्लाय टेकवणं म्हणजे प्लायला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणं.

उपाय साधा आहे, पण वेळखाऊ. डाग जिथं संपतो त्याच्या वर आणखी तीन फुटांपर्यंत गिलावा काढून टाका. उघड्या दगड-विटांवरचा खार कोरड्या ब्रशनं झाडा आणि सुपलीत भरून घराबाहेर टाका. पाण्यानं धुऊ नका, कारण धुतलं की क्षार विरघळून पुन्हा आत शिरतात. मग एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी ठेवा, खार फुटेल तसा झाडत राहा. त्यानंतर चुन्याचा गिलावा करा. सिमेंटचा गिलावा किंवा वॉटरप्रूफ रंग इथं घातक आहे. ओल आत कोंडते आणि वाट शोधत आणखी वर चढते. चुना श्वास घेऊ देतो, उरलेला खार स्वतःवर घेतो. पाच-सात वर्षांनी तेवढा पट्टा परत करावा लागला तरी चालतं. आम्ही एक पाऊल पुढं गेलो आणि मागची भिंत तशीच दगडी ठेवली. काळ्या दगडाची ती भिंत इतकी चांगली निघाली की तिच्यावर लाकूड लावायचं मन झालं नाही. मामांनीही तेच सुचवलं होतं.

वाळवीचं बघणं याच टप्प्यावर. भिंत आणि फरशी जिथं मिळतात तो कोपरा टॉर्चनं न्याहाळा. पेन्सिलीएवढ्या मातीच्या नळ्या दिसल्या तर त्या नुसत्या पुसून उपयोग नाही, वाळवी जमिनीतून येते. परवानाधारक कीडनियंत्रणवाल्याकडून फरशी-भिंतीच्या सांध्यालगत भोकं पाडून औषध भरून घ्या, आणि हे पॅनेलिंगच्या आधी. नंतर केलं तर भोकं पाडायला जागाच राहत नाही.

नदीच्या बाजूला राहत असाल तर

पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. सुतारवाडा, शुक्रवार पेठ, नागाळा पार्काचा सखल भाग इथल्या लोकांना मी सांगायला नको. तुमच्या खोलीत पाणी किती चढलं होतं त्याची रेघ भिंतीवर अजून असेल, नसेल तर शेजाऱ्यांना विचारून खडूनं ओढा.

अशा घरात शीट उभी लावू नका, आडवी लावा. खालचे चार फूट एक, वरचे चार फूट वेगळे. खालची रांग नुसत्या स्क्रूवर, डिंक-फेविकॉल काही नाही. पातळी ३९ च्या पुढं सरकायला लागली की बॅटरीचा ड्रिल घेऊन तासाभरात खालची रांग काढता येते आणि माळ्यावर टाकता येते. पूर ओसरल्यावर भिंत धुऊन, महिनाभर वाळवून परत चढवायची. चिकटवलेलं पॅनेलिंग मात्र पुरानंतर फोडूनच काढावं लागतं आणि तोवर मागचा गाळ सडलेला असतो.

आता लाकूड

नव्या माणसाला दुकानात इतकी नावं ऐकू येतात की तो गोंधळतो. मी माझं मत सांगतो : वर्कशॉपसाठी बारा मिमीची, आयएस ७१० (मरीन प्लायचा भारतीय दर्जा) शिक्क्याची प्लाय. सुताराच्या भाषेत चार सुताची. एक इंच म्हणजे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन मिमी. हा हिशेब पाठ करून जा, दुकानात सगळं सुतातच बोलतात.

आयएस ७१० का? साध्या कमर्शियल प्लायमध्ये, जिला एमआर ग्रेड म्हणतात, थर युरियाच्या डिंकानं चिकटवलेले असतात. तो डिंक दमट हवा सोसतो, ओल सोसत नाही. ७१० मध्ये फिनॉलचा डिंक असतो. या दर्जाच्या चाचणीत नमुना ७२ तास उकळतात आणि तरी थर सुटता कामा नयेत. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर खोलीतली हवा दमटच असते. त्यामुळं जास्तीचे पैसे इथं घाला, पॉलिशमध्ये वाचवा. वरच्या मजल्यावरची किंवा चांगली कोरडी खोली असेल तर बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारी, पण ७१० च्या खालची) ग्रेडनंही भागतं. एमआर मात्र तळमजल्याला नको.

बाराच का, सहा का नाही? सहा मिमीत स्क्रू चार पेचांत संपतो. हातोडी टांगा, निघून हातात येते. नऊ मिमी चालते, पण मग मागच्या रीपा (शीटच्या मागं भिंतीवर मारायच्या लाकडी पट्ट्या) दीड फुटाच्या आत घ्याव्या लागतात. त्यात लाकूड आणि मजुरी वाढते आणि वाचलेले पैसे तिथंच जातात. अठरा मिमी भिंतीला लागत नाही. ती टेबलासाठी राखा. बारा मिमीची आठ बाय चारची शीट वीस-बावीस किलोची असते, दोघांत आरामात उचलते. अठराची तीस किलोच्या वर जाते.

एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचा, मोह होतो, कारण पृष्ठभाग आरशासारखा आणि दर कमी. फर्निचरच्या शटरला ते ठीक आहे. वर्कशॉपच्या भिंतीला नाही. कडेला स्क्रू मारला की फुटतं, पाणी लागलं की पावासारखं फुगतं आणि परत बसत नाही, आणि कापताना उडणारी पिठासारखी धूळ छातीत जाते. एचडीएचएमआर, म्हणजे तसाच पण जास्त घट्ट दाबलेला, ओलावा सोसणारा बोर्ड, त्यापेक्षा बरंच दणकट आहे, पण जड. कोरड्या भिंतीला, रंगवायचंच असेल, तर विचार करा. पार्टिकल बोर्ड बघूसुद्धा नका.

ज्यांना खऱ्या लाकडाच्या फळ्याच हव्या आहेत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर, कारण इथं आपल्या भागात पर्याय चांगले आहेत.

पहिला पर्याय जुनं सागवान. पेठांतले वाडे पडतात तेव्हा तुळया, दारं, माळ्याच्या फळ्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडं येतात. साठ-सत्तर वर्षं वाळलेलं ते लाकूड हलत नाही, वाकत नाही, वाळवी गाभ्याच्या सागाला सहसा तोंड लावत नाही. घेण्याआधी कडेचा पांढरट भाग किती आहे ते बघा, त्याला हे गुण नसतात. चिरायला देताना लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, सॉ मिलवाले खिळ्याच्या लाकडाला हात लावत नाहीत आणि ते बरोबरच आहे. दर घनफुटाला असतो. चिरताना आणि रंध्याखाली जवळजवळ चौथाई माल भुशात जातो, तो धरून हिशेब करा. गावाकडून कुणी ताजा सागाचा ओंडका स्वस्तात देतो म्हणाला तर वाहतूक परवाना विचारा. महाराष्ट्रात सागाच्या तोडीवर १९६४ पासून कायद्याचं बंधन आहे.

दुसरा पर्याय मला मनापासून आवडतो : पॅकिंगचं पाइन. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत यंत्रं ज्या खोक्यांत येतात त्या खोक्यांच्या फळ्या भंगारवाले विकतात. हलक्या, सरळ, रंध्याखाली लोण्यासारख्या. फक्त फळीवरचा शिक्का वाचा. परदेशातून आलेल्या खोक्यावर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असतं आणि बाजूला इंग्रजी अक्षरं. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलंय, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते घेऊ नका. तेलाचे डाग पडलेल्या फळ्याही सोडून द्या, त्यावर पॉलिश धरत नाही. पाइनला वाळवी आवडते, म्हणून भिंत शंभर टक्के कोरडी असेल तरच.

फणसाच्या फळ्या मिळाल्या तर जरूर घ्या. पिवळाधमक रंग वर्षभरात मधासारखा होतो आणि कीड कमी लागते. ऐनाचं लाकूड मजबूत पण जड, वाळताना चिरतं. निलगिरी आणि सिल्व्हर ओक स्वस्त पडतात, पण नीट वाळवलेले नसतील तर पिळतात. आंब्याच्या फळीला बारीक भुंगा लागतो : भिंतीखाली रोज टाल्कम पावडरीसारखा भुसा पडायला लागला की ओळखावं. बोरिक अॅसिड एक भाग, बोरॅक्स दीड भाग, पाण्यात विरघळवून ताज्या फळ्या त्यात बुडवल्या तर भुंगा टळतो. मात्र हे मीठच आहे, पाण्यानं निघून जातं, म्हणून बाहेरच्या कामाला उपयोगाचं नाही.

फळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट समजून घेतली नाही तर सगळं काम वाया जातं. लाकूड लांबीत हलत नाही, रुंदीत हलतं. आपल्याकडं एप्रिलच्या कोरड्या हवेपासून जुलैच्या झडीपर्यंत फळीतला ओलावा सात-आठ टक्क्यांनी बदलू शकतो. तेवढ्यानं चार इंची फळी दीड ते दोन मिमी रुंद होते. अशा तीस फळ्या एकमेकींना घट्ट भिडवल्या तर पाच-सहा सेंटीमीटर फुगवटा कुठं जाणार? मधली फळी उचलून बाहेर येते, खिळ्यांसकट. म्हणून टंग-ग्रूव्हच्या (एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला ती बसायची खाच) फळ्या घ्या आणि मे महिन्यात लावत असाल तर प्रत्येक सांध्यात दोन मिमी मोकळे ठेवा. पुठ्ठ्याचे तुकडे मध्ये धरले की अंतर सारखं राहतं. पावसाळ्यात लावत असाल तर भिडवून लावा, उन्हाळ्यात फटी आपोआप पडतील आणि जीभ खाचेतच असल्यानं मागची भिंत दिसणार नाही. सर्वांत चांगला काळ दिवाळीनंतरचा. हवा मध्यम असते, लाकूडही मध्यम. फळ्या आणल्यावर दोन-तीन आठवडे त्याच खोलीत, मध्ये काड्या घालून थप्पी लावून ठेवा, म्हणजे त्या खोलीला सरावतात.

वखारीत काय बघायचं

टिंबर मार्केटला सकाळी जा, उजेडात. शीट उभी करवून कर्णातून एक डोळा मिटून बघा, पीळ असेल तर लगेच कळतो. मग कडा बघा. थरांमध्ये पोकळी, एकावर एक चढलेले तुकडे, लांबी भरून चोपडलेली पुट्टी हे हलक्या मालाचं लक्षण. बोटाच्या पेरानं वीतभर अंतरावर टकटक करत जा. आवाज बदलला तिथं आत पोकळ आहे. शिक्का आणि त्याखालचा परवाना क्रमांक प्रत्येक शीटवर हवा, फक्त वरच्या शीटवर नाही. आणि पक्कं बिल, त्यावर ग्रेड लिहिलेली.

शंका असेल तर दुकानदाराकडून त्याच मालाचा दोन इंची तुकडा मागा. घरी जुन्या पातेल्यात, स्वयंपाकाच्या नको, चार तास उकळा. खरी ७१० असेल तर काळपट होईल, पण थर सुटणार नाहीत. बाजूनं पुस्तकासारखी उघडली तर दुसरं दुकान. प्रामाणिक दुकानदार तुकडा द्यायला कधीच नाही म्हणत नाही.

किती माल लागेल? आमचा हिशेब सांगतो. खोली दहा बाय चौदा, उंची नऊ फूट. चार भिंती मढवायची गरज नसते, कामाच्या टेबलाच्या बाजूच्या दोन भिंती पुरतात. चौदा अधिक दहा म्हणजे चोवीस फूट लांबी, शीट चार फुटी, म्हणजे बरोबर सहा शीटा उभ्या. शीट आठ फुटी, भिंत नऊ फुटी. खाली सहा इंच, वर सहा इंच मोकळं राहतं, आणि ते तसंच राहायला हवं. का, ते पुढं.

रीपा आणि बसवणं

शीट कधीही भिंतीला टेकवायची नाही. मध्ये दोन बाय एक इंची रीप, दर दोन फुटांवर, उभी. उभीच. उभ्या रीपांमधून हवा खालच्या सहा इंचांतून आत शिरते, भिंतीलगत वर चढते आणि वरच्या फटीतून बाहेर पडते. आडव्या रीपा मारल्या की प्रत्येक रीप धरणासारखी हवा अडवते. चौदा फुटी भिंतीला आठ, दहा फुटीला सहा, अशा चौदा रीपा झाल्या. आठ फुटी धरल्या तर ११२ रनिंग फूट. प्लायच्या दोन शीटांचा सांधा दोन इंची रीपेच्या मधोमध पडतो, प्रत्येकीला एक-एक इंच टेकण मिळतं.

रीपांचं लाकूड सुकं हवं, आणि बसवण्याआधी चारही बाजूंनी वाळवीचं औषध लावलेलं. बहुतेक जण शीट महागाची आणि रीप ओल्या जंगली लाकडाची घेतात. वाळवी रीपेतूनच वर जाते.

जुन्या दगड-मातीच्या भिंतीत गिट्टी सांध्यात मारली तर माती भुरभुरते आणि गिट्टी हातात येते. भोक दगडात किंवा विटेत पाडा, सांध्यात नको. भिंत कधीच सरळ नसते. ओळंबा सोडा, सर्वांत पुढं आलेली जागा शोधा, तिथली रीप पहिली बसवा आणि बाकीच्यांच्या मागं प्लायचे पाचर घालत त्या पातळीला आणा. रीपांवरून आडवी दोरी ताणून बघा. हे काम कंटाळवाणं आहे, अर्धा दिवस जातो, पण शीट बसवताना तोच अर्धा दिवस दुपटीनं परत मिळतो. पेठेतल्या घराची भिंत सामाईक असेल तर ड्रिल लावण्याआधी शेजारी सांगून या.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. खार असलेल्या खोलीत साधे स्क्रू दोन वर्षांत गंजतात आणि प्लायवर तांबूस ओघळ येतात. कडेनं दर आठ इंचांवर, मध्ये दर फुटावर, आधी बारीक भोक पाडून आणि स्क्रूचं डोकं आत बसेल असा काउंटर मारून. दोन शीटांत तीन मिमी फट ठेवा. ती झाकायची असेल तर लाकडाची बारीक बीट (पट्टी) मारा, पुट्टी नको. पुट्टी पहिल्या पावसात तडकते. खालच्या आणि वरच्या फटीला स्टीलची बारीक जाळी स्टेपल करा, नाहीतर उंदीर आणि झुरळं मागं संसार मांडतात.

आवाज कमी होईल का, असं पुष्कळ जण विचारतात. थोडासा घुमणं कमी होतं, शेजाऱ्याकडं जाणारा आवाज तेवढाच राहतो. रंधा मशीन रात्री नऊनंतर बंद ठेवणं हाच त्यावर इलाज.

वीज आणि आग

वायरिंग पॅनेलच्या मागून नेऊ नका. पॅनेलवरून, उघड्या पाइपातून न्या. वर्कशॉपमध्ये सॉकेटची जागा दर सहा महिन्यांनी बदलावीशी वाटते, आणि लाकडामागची वायर उंदरानं कुरतडली तर कळत नाही. एखादा पाइप मागून न्यावाच लागला तर शीट चढवण्याआधी भिंतीचा फोटो काढा, फोटोत मोजपट्टी धरून. खोलीला वेगळा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा) घ्या. दमट फरशीवर उभं राहून मशीन चालवायचं आहे.

ग्राइंडर किंवा वेल्डिंग करणार असाल, आणि उद्यमनगरच्या गावात निम्मे लोक करतातच, तर त्या कोपऱ्यात लाकूड लावूच नका. तिथं दगड, टाइल नाहीतर सिमेंट बोर्ड. ठिणगी भुशात पडली तर लगेच पेटत नाही, धुमसत राहते, आणि दार लावून आपण जेवायला गेलो की मग पेटते. जवसाचं तेल लावलेलं फडकं तर त्याहून धोक्याचं. चोळामोळा करून कोपऱ्यात टाकलेलं असं फडकं आपोआप तापतं आणि काडी न लावता पेट घेऊ शकतं. वापर झाला की उघड्यावर दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाका.

पॉलिश

शीट भिंतीवर चढवण्याआधी तिच्या मागच्या बाजूला आणि चारही कडांना सीलरचे दोन हात द्या. पुढची बाजू नंतरही करता येते, मागची कधीच नाही. एकाच बाजूला पॉलिश असेल तर दुसरी बाजू ओलावा घेते आणि शीट पन्हळासारखी वाकते. कडांना एक हात जास्त, कारण पाणी तिथूनच शिरतं.

पुढं काय लावायचं? गडद अक्रोडी रंग लावू नका. आपल्या मागच्या खोल्यांना एखादीच खिडकी असते, गडद भिंत तो उजेड पिऊन टाकते, आणि पेन्सिलीची रेघ दिसली नाही की माप चुकतं. साधं मॅट, पाण्यातलं पारदर्शक पॉलिश पुरेसं आहे. त्याला वासही कमी. कच्चं जवसाचं तेल जुने लोक लावत, पण आपल्या पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. लाखेचं पॉलिश दिसतं सुंदर, पण ओल्या हाताचा पांढरा डाग पडतो.

टांगायची पट्टी

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते. प्लायची चार इंची पट्टी घ्या आणि तिच्या मधून लांबीभर ४५ अंशांत चिरा. दोन पट्ट्या मिळतील. एक भिंतीवर, तिरकी कड वर आणि धार पुढं, म्हणजे पट्टीच्या मागं खोबण तयार होते. दुसरी हत्याराच्या फळीच्या मागं, उलटी. फळी वरून खाली सोडली की खोबणीत अडकते आणि स्वतःच्याच वजनानं भिंतीला घट्ट बसते. भिंतीवरच्या पट्टीचे स्क्रू प्लायमधून मागच्या रीपेत गेलेच पाहिजेत. रीपा दर दोन फुटांवर आहेत, म्हणून शीट चढवण्याआधी त्यांच्या जागा वरच्या कडेला पेन्सिलीनं खुणावून ठेवा. अशा आडव्या पट्ट्या फूटभर अंतरानं चार-पाच मारल्या की करवतीची फळी, पटाश्यांचा खाना, कानशींची पेटी कुठूनही कुठं हलवता येतात. माझ्या पटाश्या गेल्या वर्षी खिडकीजवळ होत्या, आता टेबलाच्या डाव्या हाताला आहेत, भिंतीला नवं भोक एकही नाही.

पहिला पावसाळा

सहापैकी एक शीट अशी निवडा जी ओलीच्या सर्वांत जवळ आहे. आमच्याकडं गव्हाणीच्या बाजूची. तिच्यावर पट्टी किंवा सॉकेट काही बसवू नका. गणपती झाले की ती उघडायची, मागं टॉर्च मारायची, रीपेच्या पायथ्याशी मातीची नळी आहे का ते बघायचं आणि भिंतीला हात लावायचा. पांढरा खार आला असेल तर कोरड्या ब्रशनं झाडून दोन दिवस तसंच उघडं ठेवायचं. त्या एका शीटचे स्क्रू बसवताना मेणबत्तीवर घासून बसवा, म्हणजे दर वर्षी विनातक्रार निघतात.